टेम्पो येण्याआधी

बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या घरात डोकावता येतं, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. मी तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली. पत्ता बदलण्याचा अर्ज रोज कुणी ना कुणी द्यायचं. बदली झालेला माणूस नवा पत्ता खणखणीत आवाजात सांगतो. पण एखादी बाई आवाज खाली आणून विचारायची, "साहेब, खातं जॉइंटच राहू दे, पण पत्रं माहेरच्या पत्त्यावर पाठवता येतील का?" मग काय ते समजायचं. घटस्फोटाचा हुकूमनामा पुढे केव्हातरी हातात पडतो. घर मात्र त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या दुपारी, टेम्पोत भरून निघालेलं असतं. त्या दुपारबद्दल आपल्याकडे कुणी धड बोलत नाही.

आणि बोलत नाही म्हणून गैरसमज टिकतात. परस्परसंमतीने घटस्फोट हवा असेल तर एकाने घर सोडायलाच हवं, असं पुष्कळांना वाटतं. हिंदू विवाह कायद्यात ही तरतूद १९७६ साली आली. अर्जाआधी किमान वर्षभर दोघं वेगळी राहिलेली असावीत, अशी तिची अट आहे, हे खरं. पण वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. छप्पर एक असलं तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलं आहे. दोन खोल्यांच्या ब्लॉकमधून किती जोडप्यांनी हा निकाल न वाचताच पाळला असेल!

दुसरा समज अधिक घातक. उंबरठा ओलांडला की बाईचा हक्क संपला, असं आजही वडीलधारी मंडळी सांगतात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. घर कुणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहण्याचा हक्क त्याने बाईला दिला. छळामुळे बाहेर पडावं लागलेल्या बाईलाही दंडाधिकाऱ्यांकडे राहण्याचा आदेश मागता येतो. ते घर नाही तर तशाच दुसऱ्या घराची सोय किंवा भाडं मिळू शकतं. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबत २००६ च्या एका निकालाने हा हक्क बराच आकसला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल मोडीत काढला.

पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि इथेच गाडी अडते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची कौटुंबिक कलमं अजून चालतात. लग्नाआधी निराळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि वेगळं होताना निम्मी-निम्मी होते. पेडण्यातल्या सुनेला जे आपसूक मिळतं, ते हद्दीअलीकडच्या बांद्यातल्या सुनेला मिळत नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं; २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि तेही निकालात निघालं. वीस वर्षं घर चालवलेल्या बाईच्या नावावर शेवटी पोटगीची रक्कम उरते. मला हे कधीच न्याय्य वाटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या मुलीचं सामान हलवायचं होतं. कोथरूडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. "काका, तुम्ही नुसते बसा. कुणीतरी तिऱ्हाईत हवं," ती म्हणाली. जावई वाईट माणूस नव्हता. यादी दोघांनी आठवडाभर आधी केली होती, खाली दोघांच्या सह्या. फ्रिज, कपाट, शिलाई मशीन, कशावर वाद नाही. अडलं ते घावन्यांच्या बिडाच्या तव्यावर.

"तो आईचा आहे."

"आईंनीच मला दिला होता."

दोघंही खरंच बोलत होती. बाईला मिळालेल्या भेटी, मग त्या सासरच्या का असेनात, हे तिचं स्त्रीधन; त्यावर नवऱ्याची मालकी नाही, हे १९८५ च्या निकालापासून पक्कं आहे. पण बिडाच्या तव्यासाठी वकील कोण लावतो? तवा तिथेच राहिला. घावनं आता कोण करतं, हे मी विचारलेलं नाही.

अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःची यादी वेगळी केली होती. दप्तर, बॅट, टेबललँप. कॅरमपुढे लिहिलं होतं: 'शनिवारी इकडे.' हमालाने कॅरम उचलला, तसा तो धावत आला आणि यादी दाखवून खाली ठेवायला लावला.

माझं लक्ष मात्र कागदांवर होतं. जॉइंट लॉकर बहुधा दोघांपैकी कुणीही एकट्याने उघडू शकतं. बँकेच्या नोंदवहीत उघडल्याची तारीख आणि वेळ सापडते. आत काय होतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून लॉकर दोघांनी मिळून उघडावा, तिथल्या तिथे यादी करावी, फोटो घ्यावेत. घरकर्जाचं तर विचारूच नका. सहकर्जदार दोघं असतील, तर प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधील असतो. 'हप्ते नवरा भरील' असं समझोत्यात लिहून घेतलं, तरी बँक त्या समझोत्यात पक्षकार नसते. सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या घराच्या थकलेल्या हप्त्यांची नोटीस घेऊन एक बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्या घराची किल्लीही त्यांच्याकडे नव्हती. सुटका हवी तर बँकेकडे रीतसर अर्ज लागतो. घरात राहणाऱ्याचं उत्पन्न बँक नव्याने तपासते आणि ते पुरेसं वाटलं तरच दुसऱ्याचं नाव कर्जातून निघतं. फ्लॅटमधल्या हिश्शासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं, ते वेगळंच. हे सोपस्कार टेम्पो येण्याआधी सुरू केले, तर निदान बोलणं होतं. नंतर फक्त वकिलांची पत्रं येतात.

मित्राच्या मुलीने कर्जाच्या फायलीची प्रत, दागिन्यांच्या पावत्या, मुलाचा जन्मदाखला, सगळं आधीच काढून ठेवलं होतं. राहिलं होतं एकटं रेशनकार्ड. जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला असल्याशिवाय ते वडिलांच्या कार्डावर चढेना. कारणाच्या रकान्यात काय लिहू, म्हणून तिने रांगेतून फोन केला. "स्थलांतर लिही," मी म्हटलं. कारकुनाने काही विचारलं नाही.