ढालीवरचे सोनेरी थेंब

केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजचे मानचिन्ह पहिल्यांदा पाहिले, तेव्हा माझी नजर त्याच्या काठावरच खिळली. ढालीच्या एका अर्ध्या भागात तीन तांबडे कोनपट्टे, दुसऱ्या अर्ध्यात तांबडा क्रूस आणि भोवती काळी किनार. त्या किनारीवर सोनेरी थेंब आहेत. ते अश्रू आहेत असे मानतात, संस्थापिकेच्या वैधव्याचे. कोनपट्टे तिच्या माहेरचे, क्रूस सासरचा. पण हे सासर पहिले. तिचे विवाह तीन झाले होते. उरलेल्या दोघांना ढालीवर जागा का नाही, या कुतूहलापोटी मी तिच्या चरित्राकडे वळले.

एलिझाबेथ डी क्लेअरचा जन्म १२९५चा. वडील गिल्बर्ट हे ग्लॉस्टरचे अर्ल, आई जोन ही राजा पहिला एडवर्ड याची मुलगी. १३०८ साली, तेराव्या वर्षी, आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या अर्लचा वारस जॉन डी बर्ग याच्याशी तिचे लग्न झाले. त्याच सुमारास तिचा भाऊ, त्याचेही नाव गिल्बर्टच, जॉनच्या बहिणीशी, मॉडशी, विवाहबद्ध झाला. आपण ज्याला साटेलोटे म्हणतो, तेच. १३१२ साली एलिझाबेथला मुलगा झाला आणि पुढच्याच वर्षी जॉन गेला. तेव्हा ती अठराचीही नव्हती.

इथवरची कहाणी त्या काळातल्या कुणाही सरदारकन्येची. तिला वेगळे वळण लागले ते २४ जून १३१४ रोजी, स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नच्या रणांगणावर. तिथे भाऊ गिल्बर्ट निपुत्रिक मारला गेला. इंग्रजी कायद्याने पुरुष वारस नसेल तर जमीन बहिणींमध्ये समान वाटली जाई. एलेनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ या तिघी इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडभर पसरलेल्या, वर्षाला सुमारे सहा हजार पौंड उत्पन्नाच्या मालमत्तेच्या वारस ठरल्या. मॉडने मात्र आपण गरोदर असल्याचे सांगितले, आणि हे गरोदरपण दोन वर्षांहून अधिक काळ चालले! सरकारी कारभाराने त्याची वाट पाहिली. वाटणी झाली ती १३१७ साली.

पुढचे सगळे समजायला कायद्याची एक खोच लक्षात घ्यावी लागते. विवाहित स्त्रीची वारसा जमीन नवऱ्याच्या ताब्यात जाई. जिवंत मूल जन्मले, तर बायकोच्या मृत्यूनंतरही तहहयात त्याच्याकडे राही. विधवेला मात्र स्वतःचा वारसा, शिवाय नवऱ्याच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मिळे. ती स्वतःच्या नावाने दावा लावू शके. म्हणजे कायद्याच्या लेखी स्त्री माणूस ठरे ती नवरा गेल्यावर. आणि नेमक्या त्याच कारणाने श्रीमंत विधवेच्या दारात उमेदवारांची गर्दी होई.

फेब्रुवारी १३१६ मध्ये एलिझाबेथ ब्रिस्टॉलच्या किल्ल्यात राजाच्या देखरेखीखाली होती. थिओबाल्ड डी व्हर्डन या सरदाराने तिला तिथून नेले आणि लग्न लावले. ‘आयर्लंडमध्येच आमचे ठरले होते, ती आपणहून बाहेर आली,’ असा त्याचा बचाव. जुलैमध्ये तोही वारला. गरोदर एलिझाबेथ ॲम्सबरीच्या मठात गेली, तिथे तिची मावशी मेरी जोगीण होती. मार्च १३१७ मध्ये मुलगी झाली, आणि काही आठवड्यांतच मामाने तिचे तिसरे लग्न लावले. मामा म्हणजे राजा दुसरा एडवर्ड. नवरदेव त्याच्या खास मर्जीतला, बेताच्या ऐपतीचा रॉजर डॅमरी. भाचीच्या वाट्याची जमीन आपल्या माणसाच्या हाती जावी, एवढाच हिशेब.

पण राजाची मर्जी फिरली. थोरल्या बहिणीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर नवा लाडका झाला. त्याच्याविरुद्धच्या बंडात डॅमरी १३२२च्या मार्चमध्ये मेला. एलिझाबेथला मुलांसह बार्किंगच्या मठात डांबले. सव्वीस वर्षांत ती तिसऱ्यांदा विधवा झाली होती. मेहुण्याला वेल्समधील तिची उस्कची जहागीर हवी होती. बदल्यात कमी मोलाची गॉवर देण्यात आली, आणि पुढे तीही दाव्यात काढून घेतली. नाताळासाठी यॉर्कला बोलावून, सल्लागारांपासून तोडून, राजाच्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही, जमीन देणार नाही असे तिच्याकडून लिहून घेतले.

मे १३२६ मध्ये, डिस्पेन्सरची सत्ता शिगेला असताना, तिने एक गुप्त निषेधपत्र तयार करून ठेवले. त्यात तिच्यावरील जबरदस्तीचा पाढा क्रमाने आहे. त्या सह्या आपल्या इच्छेने केलेल्या नाहीत, हे नोंदवलेले आहे. मला तिच्या साऱ्या आयुष्यात हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो. तो त्या घडीला कुणाला दाखवायचाच नव्हता. दिवस पालटतील तेव्हा कामी यावा म्हणून एका बाईने थंड डोक्याने केलेली ती तजवीज होती. दिवस सहा महिन्यांत पालटले. नोव्हेंबरमध्ये डिस्पेन्सर फासावर गेला, नंतर उस्क तिला परत मिळाले.

तिने पुन्हा लग्न केले नाही. पुढची तीन दशके सफोकमधल्या क्लेअरच्या गढीत तिने स्वतःचा कारभार चालवला. पाव, बिअर, मेणबत्त्या, नोकरांचे कपडे, सोनारकाम यांचे तिच्या घरचे हिशेब आज संशोधकांची खाण आहेत. १३३३ साली मुलगा विल्यम आयर्लंडमध्ये मारला गेला. केंब्रिजमधली डबघाईला आलेली एक संस्था तिने हाती घेतली, तिला क्लेअर हे नाव दिले आणि १३५९ साली नियमावली दिली. महामारीने माणसे नेली, विद्येचा ऱ्हास झाला, ही खंत तिने त्या नियमावलीत मांडली आहे.

१३६० साली ती गेली. त्याआधी पाच वर्षे केलेले फ्रेंच भाषेतले तिचे मृत्युपत्र वाचताना मला ढालीची आठवण झाली. पवित्र भूमीकडे पाच सशस्त्र शिपाई पाठवण्यासाठी तिने पैसे ठेवले होते, स्वतःच्या आणि पतींच्या आत्म्यासाठी. तिथे तिघांचीही नावे आहेत: जॉन, थिओबाल्ड, रॉजर. पळवून नेणारा आणि मामाने गळ्यात बांधलेला, दोघेही. ढालीवर मात्र, पतीकडच्या मानाच्या बाजूला, तिने बापाचे कोनपट्टे ठेवले.