सोन्याच्या कणावर सिलिकाचे कवच

गाभा धातूचा आणि कवच ऑक्साइडचे, अशा नॅनोकणांतली ठळक जोडी म्हणजे सोने आणि सिलिका. जळगावच्या सराफ बाजारात एक ग्रॅम सोने चिमटीत मावते. तेच १५ नॅनोमीटर व्यासाच्या कणांत विभागले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे २० चौरस मीटर भरतो. अशा एका कणात साधारण एक लाख अणू असतात आणि या कणांचा द्राव पिवळा नव्हे, लाल दिसतो. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात. मायकेल फॅरेडे यांनी हे लाल द्राव १८५७ मध्ये अभ्यासले. गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये त्यांचे गणित मांडले.

सोने अम्लराजात विरघळवून क्लोरोऑरिक आम्ल मिळते. त्याच्या उकळत्या, अतिशय पातळ द्रावणात सोडियम सायट्रेट घातले की फिकट पिवळा रंग आधी नाहीसा होतो, मग काळपट निळसर छटा येते आणि काही मिनिटांत ती गडद लाल होते. टर्केविच यांची ही पद्धत १९५१ ची. सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचा आकार ठरवता येतो, हे फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले. मात्र हे कण केवळ विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. थोडे मीठ पडले तरी द्राव निळा होतो आणि कण गोळा होऊन तळाशी बसतात. कवचाची गरज इथे लागते.

सिलिका सोन्यावर सहजासहजी धरत नाही. लिझ-मार्झान, गिएर्सिग आणि मल्व्हेनी यांनी १९९६ मध्ये त्यावर तोड काढली. त्यांनी आधी अमिनो गट असलेल्या सिलेनचा थर दिला, त्यावर सोडियम सिलिकेटने पातळ कवच चढवले आणि मग स्टोबर पद्धतीने ते जाड केले. स्टोबर आणि सहकाऱ्यांच्या १९६८ च्या या कृतीत अल्कोहोल, पाणी व अमोनियाच्या मिश्रणात टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट हळूहळू सोडतात. घाई केली तर सिलिका सोन्यावर न बसता स्वतःचेच वेगळे गोळे करते.

कृतीत बहुधा ‘सामान्य तापमान’ एवढेच लिहिलेले असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जळगाव-धुळ्यात तेवढ्यावर विसंबता येत नाही. उष्णतेने अभिक्रिया वेगावते, उघड्या भांड्यातला अमोनिया उडतो आणि कवचाची जाडी बदलते. म्हणून तापमान नियंत्रित पाण्याचे पात्र आणि घट्ट बंद भांडे इथे अत्यावश्यक मानावे. चांदीच्या बाबतीत अडचण आणखी मोठी: हवेतला ऑक्सिजन आणि अमोनिया मिळून गाभाच विरघळवू लागतात.

तपासणीत पहिला पुरावा शोषण वर्णपटाचा. सिलिकाचा अपवर्तनांक १.४५ आणि पाण्याचा १.३३, त्यामुळे शिखर काही नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे सरकते. क्ष-किरण विवर्तनात सोन्याचे शिखर ३८.२ अंशांवर टोकदार दिसते, तर अस्फटिकी सिलिकाचा २२ अंशांजवळ पसरट उंचवटा. अवरक्त वर्णपटात ११०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा पट्टा सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची साक्ष देतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळा गाभा आणि भोवती फिकट कडे स्पष्ट दिसते. पण ती सावली असते. नॅनोमीटरभर छिद्र तिच्यात लपून जाते. कवच चढवण्यापेक्षा ते अखंड आहे हे सिद्ध करणे अवघड, आणि अनेक शोधनिबंध नेमके तिथेच तोकडे पडतात.

पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने या कवचधारी कणांवर दीर्घकाळ काम केले. त्यांचा आढावा २००६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (स्थापना १९९०, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने) भौतिक व रासायनिक विज्ञानाच्या प्रशाळा आहेत. केळी आणि कापसाच्या या मुलखात त्यांच्यासमोर एक नेमका उपयोग उभा आहे: फळांच्या सालीवरचे कीटकनाशकांचे अवशेष ओळखणे.

चीनमधील शियामेन येथील संशोधकांनी २०१० मध्ये सुमारे ५५ नॅनोमीटर सोन्यावर २ ते ४ नॅनोमीटरचे कवच चढवले आणि ते कण संत्र्याच्या सालीवर पसरून पॅराथिऑन या कीटकनाशकाचा रामन संकेत टिपला. सोन्यामुळे संकेत अनेक पटींनी वाढतो. कवचामुळे सालीतले रेणू सोन्याला चिकटत नाहीत. कवच जाड झाले की ही वाढ झपाट्याने घटते, छिद्र राहिले तर धातू उघडा पडतो. छिद्राची परीक्षा पिरिडीनने होते: कवच अखंड असेल तर १०१० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे पिरिडीनचे शिखर उमटत नाही. केळीच्या सालीवर हे तंत्र वापरायचे झाल्यास न फवारलेल्या सालीचा वर्णपट आधी नोंदवावा लागेल, कारण सालीतली रंगद्रव्येही संकेत देतात. आणि फवारणीच्या अवशेषांचे आकडे क्रोमॅटोग्राफीशी ताडूनच घ्यावे लागतील.