कॅसेट उतरवून घेताना

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा. त्यातल्या ३२ किलोबाइटमध्ये प्रोग्रॅम आणि उरलेल्या ८ मध्ये चित्रं: मारिओ, कासवं, विटा, शेवटचा राक्षस, सगळी. जागा इतकी तोकडी की आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच चित्राची आहेत, फक्त रंग बदललेला. १९८५ साली जपानमध्ये निघालेला हा गेम आम्ही नाशिकची पोरं खेळलो ते नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर. त्या यंत्राला सगळे ‘व्हिडिओ गेम’ एवढंच म्हणायचे, कंट्रोलरला ‘रिमोट’ आणि वर खोचायच्या प्लॅस्टिकच्या डबीला ‘कॅसेट’. ज्याच्या घरी सामुराई कंपनीचा व्हिडिओ गेम, त्याच्याकडे सुट्टीत गल्लीतली सगळी पोरं.

आता हे गेम हातात मावणाऱ्या हँडहेल्ड कन्सोलवर, नखाएवढ्या मेमरी कार्डात बसतात. ६४ जीबीच्या कार्डावर ४० किलोबाइटचा मारिओ पंधरा लाखांहून जास्त वेळा मावेल. तरीही जुने गेम हरवत चालले आहेत, कारण अडचण जागेची कधी नव्हतीच. कुणीतरी बसून ते उतरवून घ्यावे लागतात, उतरवलेलं बरोबर आहे का ते तपासावं लागतं आणि दोन ठिकाणी ठेवावं लागतं. हे काम फार थोडे लोक करतात. ते जवळून कसं दिसतं, ते इथे लिहितो आहे.

दिवाळीच्या साफसफाईत सिडकोतल्या एका मित्राच्या माळ्यावरून कॅसेटची एक पिशवी निघाली. त्याच्या आईने ती भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवली होती. पिशवीतली एक पिवळी कॅसेट उघडली. मागचा स्क्रू काढला, कडेचे खटके हलकेच सोडवले. आत बोर्ड म्हणजे डबीचा जेमतेम खालचा तुकडा, वरची सगळी जागा रिकामी. बोर्डावर पाय असलेली चिप नाहीच. मधोमध काळ्या इपॉक्सीचा घट्ट थेंब, त्याखाली उघडी सिलिकॉनची चकती. खालच्या कडेला तांब्याच्या ६० पट्ट्या, दोन्ही बाजूंना तीस-तीस. पूर्वी गेम लागला नाही की आपण कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचो. चालू व्हायचा तो फुंकरीने नाही, काढून पुन्हा बसवल्याने. उलट तोंडातल्या वाफेने पट्ट्या काळ्या पडायच्या. आता त्या पट्ट्या आधी खोडरबराने घासायच्या, मग कापसाच्या काडीवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन पुसायच्या. काडी हिरवट-काळी निघते. ती पांढरी निघेपर्यंत पुसत राहायचं.

मग कॅसेट रीडरमध्ये खोचायची. रीडर म्हणजे कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचं छोटं यंत्र. ते कॅसेटला एकेक पत्ता विचारतं आणि त्या पत्त्यावरचा बाइट लिहून घेतं. साधा मारिओ असेल तर काम मिनिटाचंही नाही. पण त्या काळच्या यंत्राला एका वेळी प्रोग्रॅमचे ३२ किलोबाइटच दिसायचे. अमेरिकेतला ‘कॉन्ट्रा’ १२८ किलोबाइटचा, म्हणजे चौपट. तो तुकड्या-तुकड्याने समोर आणावा लागतो, आणि कुठला तुकडा कधी दाखवायचा हे कॅसेटमधलं एक वेगळं सर्किट ठरवतं. त्याला मॅपर म्हणतात. कंपनीच्या कॅसेटचे मॅपर लोकांनी शोधून लिहून ठेवले आहेत. आमच्या पिवळ्या कॅसेटचा मॅपर कुणी शोधणार? तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना साल, नुसतं ‘९९९९९९ इन १’.

इथे खरा वेळ जातो. एका पत्त्यावर एक आकडा लिहायचा, कुठला तुकडा पुढे आला ते बघायचं. पुढचा आकडा लिहायचा, पुन्हा बघायचं. आलेले तुकडे एकमेकांशी ताडून पाहायचे, कारण तोच तुकडा चार वेगवेगळ्या आकड्यांना परत परत येतो. असं करत अख्खी कॅसेट उतरली तेव्हा नऊ लाख नव्याण्णव हजारांतले मोजके गेमच खरे निघाले. बाकीची यादी म्हणजे तोच गेम दुसऱ्या लेव्हलपासून, किंवा जादा जीव देऊन. मेनूचा प्रोग्रॅम मेमरीत लेव्हलचा आकडा आधीच लिहून ठेवतो आणि मग मूळ गेममध्ये उडी मारतो. लहानपणी यादीत खाली खाली जात आपण ज्या नव्या गेमची वाट बघायचो, तो खाली कधी नव्हताच. हे बाइटच्या रांगेत बघताना मला वाईट वाटलं नाही. ज्याने हे केलं त्याला कमी जागेत जास्त गेम भासवायचे होते, आणि ते त्याने फार कसबाने केलं आहे.

उतरवलेलं तपासायची रीत अशी. फाइलमधल्या सगळ्या बाइटवर गणित करून एक छोटी संख्या काढतात, तिला चेकसम म्हणतात. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी ती बदलते. ‘नो-इन्ट्रो’ नावाचा जगभरच्या हौशी लोकांचा प्रकल्प आहे. त्यांनी कॅसेटवरच्या गेमच्या अशा संख्यांच्या याद्या केल्या आहेत. सीडीवरच्या गेमसाठी ‘रिडम्प’ हेच काम करतो. आपली संख्या यादीशी जुळली की निश्चिंत.

आमच्या पिवळ्या कॅसेटमधल्या गेमचा चेकसम जुळला नाही. पुन्हा पट्ट्या पुसल्या, पुन्हा वाचलं, तीच संख्या. म्हणजे वाचन बरोबर होतं, गेमच वेगळा होता. शेजारी मूळ फाइल ठेवून फरक काढला तर पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव आणि साल पुसलेलं. नकली कॅसेटवाले हे सर्रास करायचे, कुठे जीव वाढवायचे, कुठे लेव्हल निवडायची सोय घालायचे. मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. कॅलिफोर्निया किंवा टोकियोतला मुलगा जो ‘मारिओ’ खेळला तो जपला गेला आहे. सिडको, सातपूर, पंचवटीतली पोरं जो खेळली, उडत्या पक्ष्यांच्या मेनूतून निवडून, तो गेम थोडा निराळा आहे आणि त्याची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही. तो भंगारात गेला की गेला.

यावर कुणी म्हणेल, विकत घ्या ना मूळ गेम. विकत कुठून घ्यायचा? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क या अमेरिकी संस्थांनी २०२३ मध्ये अभ्यास केला. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत, असं त्यात निघालं. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएस या आपल्या हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान बंद केलं. नुसते डाउनलोडने निघालेले बरेच गेम त्या दिवसानंतर विकत घ्यायची वाटच उरली नाही. सोनीनेही २०२१ मध्ये पीएसपी या हँडहेल्डवरून खरेदी थांबवली. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर जुने गेम मिळतात ते बहुतेक वर्गणीत. वर्गणी थांबली की गेम थांबला. आणि २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात तर गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. आज दुकानातून घरी आणलेलं कार्ड तीस वर्षांनी कुणाच्या माळ्यावर सापडलं तर त्यातून काय उतरवणार?

कायद्याचंही सांगायला हवं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. रीतसर मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या, बिगर-व्यापारी वापरासाठी नक्कल करायला त्याचं कलम ५२ मुभा देतं. डिजिटल कुलपं तोडण्यावर मात्र २०१२ च्या दुरुस्तीने बंधन आणलं. आता, पिवळी कॅसेट मुळातच परवान्याशिवाय बनलेली. ती त्या मुभेत बसते असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून हे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा वस्तुसंग्रहालयाने अंगावर घ्यायला हवं, आणि कायद्याने त्यांना तशी वाट करून द्यायला हवी. हजारो गेम भरलेली कार्डं विकणं हा निव्वळ धंदा आहे, त्याची पाठराखण मी करणार नाही. जपणं आणि विकणं यांत फरक करता येतो.

तीच कार्डं तांत्रिकदृष्ट्याही भरवशाची नसतात. स्वस्त हँडहेल्डच्या खोक्यात बिननावाचं कार्ड येतं. अनेक यंत्रांना दोन खाचा असतात, एक सिस्टीमच्या कार्डासाठी, दुसरी गेमसाठी. माझी पद्धत ठरलेली आहे: आलेल्या कार्डाची जशीच्या तशी प्रत कॉम्प्युटरवर घ्यायची, ते कार्ड डब्यात टाकायचं आणि नवं चांगलं कार्ड आणायचं. एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानांत विचारलं की उत्तर येतं, “सर, ओरिजनल देऊ का चालू?” ओरिजनलच घ्यायचं, आणि ते घेऊनही तपासायचं.

तपासायचं अशासाठी की बनावट कार्डात फसवणूक कंट्रोलर चिपमध्येच केलेली असते. आत जागा ८ जीबीची आणि कार्ड कॉम्प्युटरला सांगतं ६४. फाइली टाकताना काही कळत नाही. यादीत नावं दिसतात, आकार बरोबर दिसतो. ८ जीबी ओलांडल्यावर मात्र लिहिलेलं एक तर कुठेच जात नाही, नाहीतर आधीच्यावर चढतं. महिनाभराने गेम उघडायला जावं तेव्हा काळा पडदा. त्यामुळे नवं कार्ड आधी ठरावीक माहितीने काठोकाठ भरायचं आणि मग सगळं वाचून ताडायचं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा जुना प्रोग्रॅम हेच करतो. सेकंदाला २० एमबीचा वेग धरला तर ६४ जीबी नुसतं भरायलाच तासभर लागतो. तो तास द्यायचा.

त्यानंतरची मांडणी सोपी आहे. जुन्या कॅसेटचे गेम इतके लहान की कार्डावर ते आपल्या आकाराहून जास्त जागा घेतात. मारिओची फाइल ४०,९७६ बाइटची, कारण तिच्या आधी १६ बाइटची ओळखपट्टी असते. कार्ड ३२ किलोबाइटच्या खणांत विभागलेलं असेल तर तिला दोन खण लागतात. प्लेस्टेशनच्या सीड्या मात्र प्रत्येकी ७०० एमबीपर्यंत जातात आणि पीएसपीच्या यूएमडी चकतीत १.८ जीबी मावतं. कार्ड भरतं ते यांनीच. फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीची फाइल बसत नाही, पण या गेमना तेवढी लागतही नाही.

आणि हे कार्ड कितीही चांगलं असलं तरी फ्लॅश मेमरीतला विद्युतभार वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिला तर हळूहळू झिरपतो. माळ्यावरच्या कॅसेटमध्ये गेम कारखान्यातच चिपवर पक्का बसवलेला असतो, तिला वीज लागत नाही. पत्र्याखालचे किती उन्हाळे काढूनही ती बिनचूक वाचली गेली. कार्डावर ठेवलं म्हणजे जपलं, असं म्हणूनच धरता येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी चेकसम पुन्हा काढून बघायचा, आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवायची.

गेमपेक्षाही नाजूक असतो तो सेव्ह. ‘पोकेमॉन गोल्ड’च्या कॅसेटमध्ये सीआर२०२५ सेल असतो. त्यावर खेळणाऱ्याची प्रगती टिकते आणि आतलं घड्याळही चालतं, म्हणून तो लवकर उतरतो. गेम जगात दुसरीकडे मिळेल, पण एखाद्या मुलीने शाळेच्या वर्षांत वाढवलेले, स्वतः नावं ठेवलेले पोकेमॉन त्या ३२ किलोबाइटच्या मेमरीतच आहेत. अशी एक कॅसेट घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली बघितलं आणि आधीच बजावलं, “डेटा काढून आणलाय ना? सेल निघाला की आतलं सगळं जातं. मग माझ्या नावाने बोंबलायचं नाही.” काढून आणला होता. सेलच्या पत्र्याच्या पट्ट्या बोर्डाला टाक्याने बसवलेल्या असतात. त्यांनी थोडी पेस्ट लावली, सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवून एकेक पट्टी उचलली, जुना टाका जाळीने शोषून घेतला आणि पट्ट्या लावूनच येणारा नवा सेल बसवला. नुसत्या सेलवर थेट टाका मारायचा नाही, तापून फुटतो. घरी येऊन सेव्ह परत कॅसेटमध्ये चढवला, सगळी नावं जागच्या जागी होती.

परदेशी गेमसाठी निदान याद्या करणारे लोक आहेत. आपल्या गेमचं काय? २००९ मध्ये गेमशास्त्र कंपनीने प्लेस्टेशन २ आणि पीएसपीसाठी ‘देसी अड्डा’ काढला होता. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंगांची काटाकाटी होती. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला, तोही या दोन्ही यंत्रांवर. येवल्याच्या पतंगांच्या या जिल्ह्यात संक्रांतीचा पतंग हँडहेल्डवर उडवणारी मुलं तेव्हा नक्की असतील. या गेमची खोकी, माहितीपुस्तिका, दुकानातल्या जाहिराती हे सगळं एकत्र ठेवलेली जागा मला इथे कुठेही आढळली नाही.

तेव्हा येत्या दिवाळीत माळा काढाल, तर पांढरी प्लॅस्टिकची कड असलेली लहान चकती किंवा मळलेली पिवळी कॅसेट भंगारात देऊ नका. ओळखीत कुणी उतरवून घेणारा असेल त्याला संध्याकाळपुरती द्या आणि त्याने परत केल्यावर पुन्हा कोरड्या डब्यात ठेवा. ‘देसी अड्डा’ची यूएमडी कुणाकडे असेल, तर तिची मी वाटच बघतो आहे.