लहान विमान, लांबचा पल्ला

गोव्याहून लंडनला थेट विमान असावे ही मागणी जुनी आहे. एअर इंडियाने २०२३ मध्ये गॅटविकची सेवा सुरू केली तेव्हा ती पुरी झाली. पण २०२५ च्या जूनमध्ये सेवा थांबविण्यात आली. अहमदाबादचा भीषण अपघात, त्यानंतरच्या तपासण्या, आकाशमार्गांवरील निर्बंध ही तत्कालीन कारणे होतीच. तथापि २५६ आसनांचे अवाढव्य विमान आठवड्यातून तीनदा, बारमाही भरेल इतके उतारू गोव्यात आहेत काय, हा प्रश्न त्याहून जुना आहे. पर्यटनाचा हंगाम सोडला तर ते नाहीत, असे आमचे मत आहे.

अशा बेताच्या मार्गांवर मधोमध एकच वाट असलेले अरुंद विमान धाडण्याकडे जगातील कंपन्यांचा कल वाढला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या आयबेरियाने एअरबस ए-३२१ एक्सएलआर हे १८२ आसनांचे विमान माद्रिदहून बॉस्टनला नेले. यात अगदीच नवे काही नाही. एअर इंडियाने १९६० साली न्यूयॉर्क गाठले ते बोइंग ७०७ मधून, आणि त्यातही वाट एकच होती! फरक आहे तो इंधनखर्चाचा. भरलेल्या मोठ्या विमानात दर आसनामागचा खर्च कमी पडतो हे खरे. पण रिकाम्या खुर्च्या भाडे देत नाहीत. लहान विमानाच्या एका फेरीचा एकूण खर्चच कमी, म्हणून थोड्या उतारूंवरही ती परवडू शकते.

मात्र हुरळून जाण्याचे कारण नाही. या विमानाचा कागदावरील पल्ला ८,७०० किलोमीटर. गोवा-लंडन सरळ अंतर सुमारे साडेसात हजार. प्रत्यक्ष मार्ग वळसा घालून जातो आणि हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या आमच्या हंगामात, पश्चिमेकडे जाताना समोरून जोराचा वारा असतो. डिसेंबर २०११ मध्ये अशाच वाऱ्यांमुळे युरोपातून अमेरिकेला निघालेल्या बोइंग ७५७ विमानांना इंधनासाठी वाटेत उतरावे लागले होते. शिवाय जादा इंधनाची मागील टाकी १२,९०० लिटरची. तेवढी मालाची जागा गेली. मासळी वा आंबे परदेशी धाडू पाहणाऱ्याला हे विमान फारसे उपयोगी नाही. दहा-अकरा तास एकाच वाटेवर जेवणाची गाडी आणि शौचालयाची रांग यांची गाठ पडणार, तेही उतारूंनी सोसायचे आहे.

तरीही दुबई वा दोहा येथे तासन् तास ताटकळणाऱ्या वृद्ध आईबापांना आणि जहाजावर रुजू होण्यास निघालेल्या आमच्या तारवट्यांना विचारावे; ही गैरसोय ते आनंदाने पत्करतील. इंडिगोनेही या जातीच्या विमानांची मागणी नोंदविली आहे. राज्य सरकारने कंपन्यांकडे केवळ निवेदने घेऊन जाऊ नये. गोव्यातून युरोपास कोणत्या महिन्यात किती माणसे, कोठून वळसा घेत जातात, याचे आकडे आधी गोळा करावेत आणि पावसाळ्यातील चार महिन्यांचा हिशेब त्यात वेगळा मांडावा.