गुरुजी व्हायचंय? आधी हे गैरसमज दूर करा

गणेशचतुर्थीच्या सकाळी गुरुजी मिळत नाहीत, ही शहरांतली दरवर्षीची तक्रार. लग्नसराईतही तेच. मागणी दिसते म्हणून पौरोहित्याकडे वळू पाहणारेही बरेच आहेत: निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले, संस्कृत शिकलेले, घर सांभाळून स्वतःचं काही उभं करू पाहणाऱ्या स्त्रिया. मात्र या व्यवसायाबद्दलची आपली बरीचशी माहिती ऐकीव असते. कुणी उगाच बिचकतं, तर कुणी तयारीशिवाय उडी घेतं.

गैरसमज १ : पौरोहित्य ब्राह्मण पुरुषांनीच करायचं. बाकी सगळं अलीकडचं फॅड.

वस्तुस्थिती : हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार वधू किंवा वर यांच्यापैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की विवाह वैध ठरतो. ते कुणी करावेत, याबद्दल या कलमात अवाक्षरही नाही.

आणि ‘अलीकडचं’ म्हणाल, तर जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह झाला. १८८७ मध्ये समाजाच्या मंगलाष्टकांसह पूजाविधीचं पुस्तक छापून निघालं, म्हणजे नव्या पुरोहिताच्या हाती पोथीही आली. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला अशा लग्नांवरून ग्रामजोशींनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल यजमानाच्या बाजूनं लागला. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात ब्राह्मणेतर पुरोहित तयार करण्यासाठी शाळा काढली.

स्त्रियांचं म्हणाल, तर पुण्यात थत्ते मामांनी १९७० च्या दशकातच त्यांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. ज्ञान प्रबोधिनीच्या संत्रिका विभागातही जात किंवा लिंग न पाहता पुरोहित घडवले जातात. अमुकच गुरुजी हवेत असा हट्ट धरणारी घरं आजही आहेत. तो त्यांचा प्रश्न. कायद्याची आडकाठी नाही.

गैरसमज २ : लग्न लावायला सरकारी परवाना लागतो.

वस्तुस्थिती : हिंदू पद्धतीचा विवाह लावणाऱ्याला असा परवाना लागत नाही. प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र हा तुमच्या शिक्षणाचा पुरावा. सरकारनं दिलेला अधिकार नव्हे.

हा नियम सरसकट नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ मध्ये विवाह लावण्यासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ खालचा विवाह ३० दिवसांच्या नोटिशीनंतर विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांच्या उपस्थितीतच होतो. तिथं पुरोहिताला स्थान नाही. त्यानंतर हौसेनं सप्तपदी करायची, तर करता येते.

परदेशातल्या मराठी कुटुंबाचं कार्य घेणार असाल, तर आणखी सावध राहा. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून सरकारनं नेमलेले नागरी विवाह-संचालक आहेत. तिथं विवाहाची सूचना किमान एक महिना आधी द्यावी लागते आणि कायदेशीर भाग नोंदणीकृत व्यक्तीलाच पार पाडावा लागतो. इथून गेलेल्या गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली म्हणून तिथल्या कायद्यानं लग्न लागत नाही.

गैरसमज ३ : मंत्र म्हटले, अक्षता पडल्या, जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती : जबाबदारी त्याआधीच सुरू झालेली असते. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम १० नुसार बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो बालविवाह नाही असं मानायला सबळ कारण होतं, हे सिद्ध करायची जबाबदारी लग्न लावणाऱ्यावरच असते. म्हणून मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असल्याचे कागद पाहिल्याशिवाय तारीख घ्यायची नाही. ओळखीचं घर असलं, तरीही.

दुसरा मुद्दा सहीचा. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या अर्जावर पुरोहिताचे तपशील आणि सही घेतली जाते. ओळखीपाळखीत ‘नुसती सही करा’ असा आग्रह होतो. तो मोडून काढायचा. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट केलं, की आवश्यक विधीच झाले नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह सिद्ध होत नाही. त्या जोडप्यानं विधी न करताच एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेतलं होतं आणि त्यावर नोंदणीही झाली होती. दोन्ही रद्दबातल ठरली.

म्हणून कार्यालयाची वेळ संपत आली किंवा फोटोग्राफर घाई करतोय, म्हणून सप्तपदी उरकायची नाही. ज्या रूढीत सप्तपदी आहे, तिथं कायद्यानुसारही सातव्या पावलालाच विवाह पूर्ण होतो.

गैरसमज ४ : वेद मुखोद्गत नसतील, तर या वाटेला जाऊच नये.

वस्तुस्थिती : वेदपठण आणि याज्ञिकी हे दोन वेगळे अभ्यास आहेत. दशग्रंथी किंवा घनपाठी होण्यात उमेदीची वर्षं जातात. घरोघरीच्या कार्यांना लागते ती याज्ञिकी. त्यात पायरीपायरीनं जाता येतं: आधी गणपतिपूजन आणि सत्यनारायण, मग पुण्याहवाचन, वास्तुशांत, त्यानंतर मुंज आणि विवाह.

याचा अर्थ पोथी उघडून वाचत सुटायचं, असाही नव्हे. उच्चार शुद्ध हवेत, आणि म्हणतोय त्याचा अर्थ कळायला हवा. ऋग्वेदी घरी आणि यजुर्वेदी घरी प्रयोग वेगळा असतो. कुळाचार घरागणिक बदलतो, देवक तर कुळागणिक. हे पुस्तकातून पूर्ण येत नाही. त्यासाठी जाणत्या गुरुजींच्या हाताखाली साहाय्यक म्हणून बसावं लागतं.

गैरसमज ५ : पाठांतर पक्कं असलं की कामं आपोआप येतात.

वस्तुस्थिती : कामं टिकतात ती माणसं सांभाळण्यावर. लग्नाआधी दोन्हीकडच्यांशी एक निवांत बैठक हवी. कोणते विधी हवेत, कन्यादानाबद्दल मुलीचं म्हणणं काय, आई किंवा वडील एकटेच असतील तर बसणार कोण, आंतरजातीय लग्नात कुणाची पद्धत धरायची, हे तिथंच ठरतं. ऐन मांडवात हे प्रश्न निघाले, तर मुहूर्तही जातो आणि शोभाही.

आजची वधू-वरं अर्थ विचारतात. तो दोन वाक्यांत, सोप्या मराठीत सांगता यायला हवा. प्रवचन नको, नवऱ्यामुलीच्या नावावर शिळे विनोद तर मुळीच नकोत. अंत्यविधीला कसोटी आणखी कडक. तिथं घरच्यांना काहीच सुचत नसतं. पुढे काय करायचं, हे हळू आवाजात आणि नेमकं सांगणारा माणूस त्यांना हवा असतो.

गैरसमज ६ : पळी-पंचपात्र घेतलं की दुकान मांडलं.

वस्तुस्थिती : भांडवल फार लागत नाही, हे खरं. पण तांब्या, ताम्हण, होमाचं कुंड, समिधा, दर्भ, पंचांग, मोठ्या अक्षरांतल्या पोथ्या आणि सोवळं यांच्याबरोबर आता कॉलरला लावायचा माइकही लागतो. दोनशे माणसांच्या कार्यालयात घसा कितीही खणखणीत असला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

त्याहून महत्त्वाची साहित्याची यादी. ती प्रत्येक कार्यासाठी वेगळी, नगवार आणि वेळेत यजमानाकडे जायला हवी. सुपाऱ्या पन्नास म्हटलं, तर पन्नासच का, हे आपल्याला ठाऊक असावं. शिवाय चार गुरुजींशी स्नेह ठेवायचा. आपण आजारी पडलो, तर कार्य अडता कामा नये.

गैरसमज ७ : दक्षिणा म्हणजे दान, तिला ना हिशेब, ना कर.

वस्तुस्थिती : धार्मिक विधी पार पाडण्याच्या सेवेला जीएसटीतून सूट आहे. आयकराचं तसं नाही. व्यवसाय म्हणून मिळणारी दक्षिणा हे उत्पन्नच असतं, मग ती पाकिटातून येवो वा यूपीआयवरून.

शिवाय हे उत्पन्न सपाट नसतं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाह जवळपास थांबतात. श्रावणात सत्यनारायण आणि मंगळागौर, भाद्रपदात गणपती आणि मग पितृपंधरवडा असा क्रम असतो. गुरू-शुक्राचा अस्त आला, की लग्नसराईतही खंड पडतो. नोकरी सोडण्याआधी वर्षभराचं पंचांग आणि घरखर्चाची वही शेजारी ठेवून पाहावी. दक्षिणेचा आकडा आधीच सांगावा; ‘तुम्ही द्याल ते’ म्हणून मागाहून तोंड वाकडं करण्यापेक्षा ते बरं.

जात, लिंग आणि परवाना हे या वाटेवरचे खरे अडथळे नाहीत. अपुरी तयारी हा आहे. तेव्हा पुढच्या लग्नसराईत एखाद्या जाणत्या गुरुजींना विचारून त्यांच्यासोबत यादीपासून नोंदणीच्या सहीपर्यंतचं सगळं काम जवळून पाहा. त्यानंतरही उत्साह टिकला, तर वर्गात नाव घाला.