जुनी डिझेल मोटार : सौदा करण्यापूर्वी हिशेब करा

डिझेल मोटार म्हणजे बचत, असा आपल्या व्यापारी बांधवांचा जुना समज आहे. तो गजाने मोजून पाहावा.

समजा, मुकुंदनगर ते कापडबाजार, मुलांची शाळा धरून महिन्याला ३०० किलोमीटर होतात. शहरात पेट्रोल गाडी लिटरला १२ व डिझेल १५ किलोमीटर जाते, आणि पेट्रोल १०५ व डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर खर्च अनुक्रमे २,६२५ व १,८०० रुपये. वर्षाची बचत ९,९००. इंजेक्टर किंवा टर्बो एकदा बिघडला की ती संपली!

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. नुसत्या गल्लीबोळांत ती तुंबते. मात्र मालासाठी वरचेवर पुणे, मालेगाव गाठणाऱ्यांना डिझेल परवडते.

मी स्वतः भर दुपारी गरम इंजिनाची गाडी पाहून बयाणा दिला. पहिल्याच थंडीत ती सकाळी सुरू होईना. दिवाळीचा नफा मिस्त्रीकडे गेला. म्हणून गाडी थंड असताना सुरू करून पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. चॅसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा, कर्ज असल्यास बँकेची एनओसी मागा, फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्या आणि विमा १४ दिवसांत नावावर करण्यास अर्ज द्या.

फिरणे गावातच असेल, तर पेट्रोल गाडीच बरी.