काढायच्या राहून गेलेल्या जाळ्या

पायातील खोल नीलेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर रुग्ण पाहता पाहता दगावू शकतो. म्हणून शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या अधोमहाशिरेत धातूची जाळी, म्हणजेच फिल्टर, बसवण्याची पद्धत 1960च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. शल्यविशारद मोबिन-उद्दीन यांच्या छत्रीवजा साधनाने ती शीरच पुष्कळदा बुजत असे. 1973 मध्ये लाझार ग्रीनफिल्ड यांची शंकूच्या आकाराची जाळी आली आणि पुढे दीर्घकाळ तीच प्रमाण मानली गेली.

खरी पडझड झाली ती 2003 नंतरच्या दशकात. हवी तेव्हा काढता येणाऱ्या जाळ्यांना अमेरिकेत परवानगी मिळाली आणि या एका आश्वासनावर त्या सढळ हाताने बसवल्या जाऊ लागल्या. काढण्याची जबाबदारी मात्र बसवणाऱ्याची की पुढे तपासणाऱ्याची, हे कोणी ठरवले नाही. जाळीमुळे दोन वर्षांत पायातील गुठळ्या वाढतात आणि मृत्यूंत फरक पडत नाही, हे 400 रुग्णांवरील फ्रेंच अभ्यासाने 1998 मध्येच दाखवले होते, आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष अक्षम्य होते. ऑगस्ट 2010 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने 2005 पासूनच्या 921 तक्रारी जाहीर केल्या: त्यांपैकी जाळीने जागा सोडल्याच्या 328, तिचे भाग सुटून रक्तातून वाहून गेल्याच्या 146, शीर भेदल्याच्या 70 आणि जाळी मोडल्याच्या 56. फुप्फुसाचा धोका टळला असेल, तर 29 ते 54 दिवसांच्या दरम्यान जाळी काढणे सर्वांत हिताचे, असे त्याच प्रशासनाने 2014 मध्ये सांगितले.

वेळेत आलेल्या रुग्णाची जाळी सहसा मानेतील शिरेतून फास सरकवून, तिच्या आकड्याला अडकवून काढता येते. वर्षे लोटली की आकडा ऊतींत रुततो, जाळीचे पाय शिरेची भिंत भेदून महाधमनी, आतडे किंवा मणक्यापर्यंत पोहोचतात. मग चिमटा किंवा लेसरची नळी वापरावी लागते आणि तेही साधले नाही, तर पोट उघडून, शीर वर-खाली दाबून धरून, ती चिरून एकेक पाय सोडवावा लागतो.

बसवलेल्या साधनाचा माग न ठेवल्याने काय होते, हे दुसऱ्या एका रोपणातही दिसले. त्याच ऑगस्ट 2010 मध्ये एएसआर नावाचे सदोष कृत्रिम खुबे जगभरातून परत मागवले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढे कंपनीवर गुन्हाही नोंदवला, तरी देशातील सुमारे 4,700 रुग्णांपैकी बहुसंख्यांचा ठावठिकाणा सरकारी समितीला लागला नाही. रोपण केलेल्या प्रत्येक साधनाची नोंद ठेवण्याचा धडा तेव्हाच घ्यायला हवा होता. नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावचा एखादा अपघातग्रस्त पुण्यात जाळी बसवून घरी परतला, तर त्याच्या गावातील डॉक्टरांपुढे रुग्णालयातून मिळालेल्या कागदाशिवाय दुसरा आधार नसतो. त्या कागदावर जाळीचा प्रकार, बसवल्याची तारीख, काढण्याची मुदत आणि जबाबदार डॉक्टरांचे नाव मराठीत लिहून देणे प्रत्येक रुग्णालयाला सक्तीचे करावे, आणि तोवर नातेवाइकांनी तो तपशील मागून घेतल्याशिवाय रुग्णाला घरी नेऊ नये.